गोळी पोटात टिकतच नाही, तर डोकं उतरणार कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३४, शाळेत शिक्षिका. महिन्यातून दोन-तीनदा अर्धं डोकं ठणकतं, उजेड आणि वर्गातला गोंगाट सहन होत नाही आणि तासाभरात उलट्या सुरू होतात. नेप्रोक्सेनची वेदनाशामक गोळी घेतली की वीस मिनिटांत बाहेर पडते. डॉक्टरांनी ऑन्डान्सेट्रॉन दिली, तिने उलटी थांबते, पण डोकं तसंच राहतं आणि नंतर दोन दिवस पोट साफ होत नाही. सासूबाईंच्या मते हे पित्त आहे, उलटी काढून टाकली की मोकळं वाटेल. म्हणून रोज सकाळी पित्ताची कॅप्सूलही चालू आहे.

थेट उत्तर आधी देतो. वर्णनावरून ही अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, दिसते. तुमचं दुखण्याचं औषध चुकलेलं नाही, ते उशिरा जातंय आणि बंद पडलेल्या पोटात जातंय. मळमळीची पहिली चाहूल लागताच पोट चालू करणारं उलटीचं औषध घ्यायचं आणि त्याच्याबरोबर किंवा दहा-पंधरा मिनिटांनी वेदनाशामक पूर्ण मात्रेत घ्यायचं. ऑन्डान्सेट्रॉन चांगलं औषध आहे, पण तुमच्या अडचणीवर मी ते पहिलं निवडणार नाही. कारण पुढे सांगतो. सकाळच्या कॅप्सूलबद्दलही बोलावं लागेल, कारण तिच्यात काय काय आहे हे बहुतेकांना ठाऊकच नसतं.

पंचवीस वर्षांच्या ओपीडीत मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, “डॉक्टर, पित्त पडलं की डोकं उतरतं.” हे निरीक्षण खोटं नाही. अर्धशिशीच्या बऱ्याच रुग्णांना, विशेषतः लहान मुलांना, उलटी होऊन झोप लागली की उठल्यावर बरं वाटतं. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. पित्तामुळे डोकं दुखलं असं नसतं. मेंदूत सुरू झालेल्या झटक्याने डोकं आणि पोट दोन्ही एकदम धरलेली असतात, आणि पुष्कळदा झटका ओसरण्याच्या सुमारास उलटी होते म्हणून तिला श्रेय मिळतं. ते हिरवट-पिवळं कडू पाणी पडतं त्याचंही कारण साधं आहे. पोटात दुसरं काही उरलेलं नसतं, मग जोर लावल्यावर लहान आतड्यातलं पित्त उलट वर येतं. रिकाम्या पोटी गाडी लागली तरी तेच पडतं. आयुर्वेदातली पित्ताची कल्पना याहून पुष्कळ व्यापक आहे, तिच्याबद्दल मी बोलत नाही. घरोघरी ज्याला ‘पित्त झालं’ म्हणतात, त्याबद्दल बोलतोय.

म्हणून कळकळीची विनंती: घशात बोटं घालून उलटी काढू नका. घेतलेलं औषध जातं, अंगातलं पाणी आणि क्षार जातात, आणि जोराच्या उमाशांनी अन्ननलिकेला चीर जाऊन रक्त पडलेले रुग्णही मी पाहिले आहेत.

आता पोट बंद पडतं म्हणजे काय ते सांगतो, कारण औषधांची सगळी निवड त्यावर उभी आहे. आपल्या मेंदूच्या तळाशी उलटीची वर्दी देणारा एक छोटा भाग आहे. इतर मेंदूला रक्तातल्या पदार्थांपासून जपणारा जो पडदा असतो तो इथे विरळ असतो, त्यामुळे रक्तातला बिघाड या भागाला चटकन कळतो. डोपामिन आणि सेरोटोनिन ही रसायनं त्याला चाळवतात. अर्धशिशीच्या झटक्यात हा भाग जागा होतो आणि त्याच वेळी जठराची हालचाल मंदावते. दुपारी जेवलेलं रात्री आठला जसंच्या तसं पडलं, असं रुग्ण सांगतात ते यामुळेच. गोळी जठरात शोषली जात नाही, पुढे लहान आतड्यात गेल्यावर शोषली जाते. जठराने पुढे ढकललंच नाही तर गोळी तिथेच पडून राहते आणि पुढच्या उलटीची वाट पाहते. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये झटका चालू असलेल्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिन देऊन रक्तातलं प्रमाण मोजलं, तेव्हा ते नेहमीपेक्षा कमी आणि उशिरा चढतंय असं दिसलं. मेटोक्लोप्रामाइड दिल्यावर शोषण सुधारलं. म्हणजे उलटी झाली नाही तरी गोळी वाया गेल्यासारखीच असू शकते. ‘मला नुसती मळमळ असते, उलटी नाही, मग ते औषध कशाला’ असं विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर.

मेटोक्लोप्रामाइड, म्हणजे आपल्याकडे पेरिनॉर्म नावाने ओळखली जाणारी गोळी, याच कारणाने माझ्या यादीत वर आहे. ती डोपामिनचा रस्ता अडवते, जठर पुढे ढकलायला लावते, आणि शिरेतून दिली तर वेदनाशामकाशिवायही डोकेदुखी उतरवते. अमेरिकन हेडेक सोसायटीने २०१६ मध्ये तातडीच्या विभागात द्यायच्या इंजेक्शनांचा आढावा घेतला, तेव्हा मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझीन आणि त्वचेखालून सुमाट्रिप्टान (खास अर्धशिशीच्या ‘ट्रिप्टान’ गटातलं औषध) ही तीन पुढे ठेवली. त्यातली दोन मूळची ‘उलटीची’ औषधं आहेत, हे लक्षात घ्या. अ‍ॅस्पिरिन ९०० ते १००० मिलिग्रॅम आणि मेटोक्लोप्रामाइड १० मिलिग्रॅम ही जुनी, स्वस्त जोडी सुमाट्रिप्टानच्या ५० मिलिग्रॅमच्या जवळपास काम करते. ज्यांना अ‍ॅस्पिरिन चालते त्यांच्यासाठी ती आजही उत्तम आहे, फक्त पाण्यात विरघळणारी घ्या.

पण या औषधाची एक बाजू मी प्रत्येक रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगतो. काही जणांना, त्यातही किशोरवयीन मुलांना आणि तरुण बायकांना, पहिल्या दिवशी-दोन दिवसांत मान एका बाजूला ओढली जाते, जबडा आवळतो, जीभ वळते, डोळे वर चढून तिथेच अडकतात. घरचे घाबरतात, फिट आली समजतात, कुणी अंगात आलं म्हणतात. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. हा औषधाचा परिणाम आहे, त्यावर प्रोमेथाझीनसारखं इंजेक्शन दिलं की बहुतेक वेळा अर्ध्या तासात सुटतं. दुसरा प्रकार कमी ओळखला जातो: आतून विलक्षण बेचैनी, बसवत नाही, झोपवत नाही, पळून जावंसं वाटतं. शिरेतून औषध भरकन ढकललं की हे जास्त होतं. म्हणून इंजेक्शन सावकाश द्यायचं असतं, निदान तीन मिनिटं, आणि सलाईनमधून पंधरा मिनिटांत दिलं तर आणखी चांगलं. असं एकदा झालं असेल तर औषधाचं नाव मोबाइलच्या कव्हरमागे चिठ्ठीवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुम्हाला बोलायची शुद्ध असेलच असं नाही.

युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये मेटोक्लोप्रामाइडला मर्यादा घातली: एका वेळी १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, सलग पाच दिवसांहून जास्त नाही. महिनोन्महिने घेतल्यावर तोंडाच्या, जिभेच्या ज्या हालचाली सुरू होतात त्या पुढे कायमच्या राहू शकतात. पार्किन्सनच्या रुग्णांना ते देतच नाहीत. आणि अर्धशिशी टाळण्यासाठी फ्लुनारिझीन चालू असेल, जे आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. तेही थोड्याफार प्रमाणात डोपामिनच अडवतं. उतारवयात ही दोन्ही एकत्र आली की हातापायांना कंप आणि ताठरपणा येण्याची भीती वाढते.

डोम्पेरिडोन हे त्याच जातीचं, पण मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून मान वाकडी होण्याचा प्रकार क्वचित. जठर ते चांगलं चालवतं. भारतात नेप्रोक्सेन ५०० आणि डोम्पेरिडोन १० एकाच गोळीत मिळतात. तुम्हाला नुसती नेप्रोक्सेन मिळतेय, त्याऐवजी ही जोडगोळी चालेल का, हा तुमच्या डॉक्टरांना विचारण्याजोगा पहिला प्रश्न आहे. डोम्पेरिडोनची काळजी हृदयाच्या ठोक्यांबाबत आहे. मात्रा वाढली, वय साठच्या पुढे असलं, हृदयविकार असला किंवा क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, किटोकोनाझोल यांसारखी जंतूंची किंवा बुरशीची औषधं सोबत असली तर ठोके बिघडू शकतात. युरोपातच २०१४ मध्ये डोम्पेरिडोनची मर्यादा प्रौढांसाठी दिवसाला ३० मिलिग्रॅम ठरली, तीही साधारण आठवडाभरापुरती.

आणि इथे तुमची सकाळची कॅप्सूल येते. पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचा. पित्ताच्या ज्या कॅप्सूलच्या नावापुढे ‘डी’ असतं, त्यांतल्या बऱ्याच कॅप्सूलांमध्ये पॅन्टोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर हळूहळू सुटणारं ३० मिलिग्रॅम डोम्पेरिडोन असतं. म्हणजे दिवसभराची मर्यादा चहाआधीच संपली. त्यावर झटक्यात डोम्पेरिडोनची जोडगोळी दोनदा घेतली तर पन्नास झाले. माझ्याकडे आलेल्या एका बाईंची पाळी चार महिने थांबलेली, छातीतून दूध येत होतं, गर्भाशयाच्या, थायरॉइडच्या सगळ्या तपासण्या झालेल्या. कारण ती रोजची कॅप्सूल निघाली. डोम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रामाइड दोन्हींनी प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, वाढतं. तुमची मळमळ अर्धशिशीच्या झटक्यापुरतीच असेल, मधल्या दिवसांत जळजळ नसेल, तर ती कॅप्सूल रोज घ्यायचं कारण मला दिसत नाही. डॉक्टरांना दाखवून तिचा निकाल लावा.

स्टेमेटिल, म्हणजे प्रोक्लोरपेराझीन, हे गरगरण्यासाठीचं औषध अशी आपल्याकडे ओळख आहे, पण अर्धशिशीच्या उलटीवर ते जुनं, जोरदार औषध आहे. ज्यांना मळमळीबरोबर खोली फिरते त्यांना मी ते आधी देतो. झोप येते, उभं राहताना रक्तदाब घसरून अंधारी येते, आणि मान वाकडी होण्याचा धोका मेटोक्लोप्रामाइडसारखाच. गाडी चालवायची असेल तर नको.

ऑन्डान्सेट्रॉन कर्करोगाच्या केमोथेरपीतल्या उलट्यांसाठी आलं आणि तिथे त्याने क्रांती केली. ते सेरोटोनिनचा एक दरवाजा बंद करतं, त्यामुळे उमाळे थांबतात. पण जठर ते हलवत नाही आणि अर्धशिशीच्या वेदनेला हात लावत नाही. त्याच्या दुष्परिणामांच्या यादीत वर काय आहे? डोकेदुखी आणि बद्धकोष्ठ. तुमचा अनुभव अगदी पुस्तकी आहे. तरीही मी ते बाद करत नाही. ज्यांना मेटोक्लोप्रामाइडने त्रास झाला, ज्यांना झोप येऊन चालणार नाही, किंवा जिथे उलट्यांनी जीव नकोसा झालाय, तिथे ४ मिलिग्रॅमची जिभेवर विरघळणारी गोळी कामाला येते.

जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्यांबद्दल एक गैरसमज मात्र काढायला हवा. नावापुढे ‘एमडी’ असलेली गोळी जिभेवर विरघळली म्हणजे रक्तात गेली, असं नाही. ती लाळेबरोबर गिळली जाते आणि पुढे त्याच बंद पडलेल्या जठरातून जाते. पाणी प्यावं लागत नाही, एवढाच फायदा, आणि घोटभर पाण्यानेही उमाळा येणाऱ्याला तो कमी नाही. पण रिझाट्रिप्टानची विरघळणारी गोळी साध्या गोळीपेक्षा लवकर लागू पडेल ही अपेक्षा चूक आहे. ती रक्तात चढायला उलट किंचित उशीरच लावते. ज्यांना पहिल्या अर्ध्या तासातच उलट्या लागतात, त्यांना पोट टाळणारा रस्ता हवा: सुमाट्रिप्टानचा नाकातला फवारा किंवा त्वचेखालचं ६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन, जे दहा-पंधरा मिनिटांत जाणवायला लागतं, किंवा डायक्लोफेनॅकची गुदद्वारातून ठेवायची सपोझिटरी. आपल्याकडे सपोझिटरीचं नाव काढलं की लोक संकोचतात. लहान मुलांच्या तापात आपण ती बिनदिक्कत वापरतो, मग मोठ्यांनी काय घोडं मारलंय? फवारा मारताना मान मागे टाकू नका, जोराने हुंगू नका. कडू औषध घशात उतरलं की त्या चवीनेच उलटी होते.

ट्रिप्टानची पहिली मात्रा उलटीत गेली असं वाटलं तरी लगेच दुसरी घेऊ नका. गोळी पडलेली डोळ्यांनी दिसली तर गोष्ट वेगळी, नाहीतर किती गेली, किती राहिली कळत नाही. सुमाट्रिप्टानच्या दोन मात्रांत किमान दोन तास हवेत. हृदयविकार, पक्षाघात झालेला किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ट्रिप्टान मुळीच नाही. अर्धशिशी टाळण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर रिझाट्रिप्टान ५ मिलिग्रॅमच, कारण त्याच्या संगतीने रिझाट्रिप्टानचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

अजून एका गोळीबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण ती आजही अनेकांच्या पर्समध्ये असते: एर्गोटामिन, कॅफीन, पॅरासिटामॉल आणि प्रोक्लोरपेराझीन एकत्र असलेली. बाजरीवर पडणारा अरगट रोग ज्यांनी शेतात पाहिलाय त्यांना सांगायला नको, एर्गोटामिन त्याच कुळातल्या, राय नावाच्या धान्यावरच्या बुरशीतून आलं. ते स्वतःच उलटी आणतं. गोळीत उलटीचं औषध घालावं लागलं, ते उगाच नाही. रक्तवाहिन्या आवळतं, एरिथ्रोमायसिनच्या जातीच्या अँटिबायोटिकबरोबर घेतलं तर बोटं काळी पडण्यापर्यंत मजल जाते, ट्रिप्टान घेतल्याच्या दिवशी चालत नाही, गरोदरपणात तर नाहीच. ज्यांना उलटी हाच मुख्य त्रास आहे त्यांना मी ही गोळी देत नाही.

आता तुमच्यासाठी. झटक्याआधी तुम्हाला काय होतं ते दोन-तीन वेळा लिहून ठेवा. कुणाला सारख्या जांभया येतात, कुणाची मान आखडते, तोंडाला पाणी सुटतं, फोडणीचा किंवा खडूचा वास नकोसा होतो. डोकं ठणकायच्या आधीची ही वेळ सोन्याची आहे, कारण तेव्हा पोट अजून चालू असतं. तोंडाने घेतलेली मेटोक्लोप्रामाइड लागू पडायला अर्धा ते एक तास लागतो. तिसऱ्या तासाला जांभया सुरू झाल्या आणि तुम्ही ‘शाळा सुटेपर्यंत काढू’ म्हणालात, तर साडेपाचला घेतलेली गोळी बेसिनमध्येच जाणार. शिक्षकांची खोली, पर्स, घर अशा तीन ठिकाणी तीन छोट्या डब्या ठेवा, प्रत्येकीत उलटीची एक आणि दुखण्याची एक मात्रा. गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्या, तांब्याभर नको. मग अर्धा तास डोळे मिटून पडा, नंतर जलसंजीवनी चमच्याचमच्याने. आल्याचा तुकडा किंवा सुंठेचं पाणी सोसत असेल तर जरूर घ्या, मळमळीला हातभार लागतो.

ही सगळी औषधं दिवस मोजून घ्यायची. ट्रिप्टान, एर्गोट किंवा मिश्र गोळ्या महिन्यात दहा दिवस, साधी वेदनाशामकं पंधरा दिवस, याच्या वर महिनोन्महिने गेलं की औषधानेच डोकं दुखायला लागतं. तुम्ही आज त्यापासून लांब आहात. पण दर झटक्यात एवढ्या उलट्या होऊन शाळा बुडत असेल तर झटकेच कमी करणाऱ्या रोजच्या औषधाचा विचार महिन्याला तीन झटक्यांवरही करता येतो. निर्जळी उपवास आणि उशिरा जेवण यांचा संबंध वहीत दिसला, तर एकादशीला वेळेवर फराळ करायला कुणाची परवानगी लागू नये.

कधी चोवीस तास पाणीही टिकलं नाही, लघवी कमी आणि गडद झाली, तर दवाखान्यात जा. तिथे ‘एक सलाईन लावा’ एवढंच म्हणू नका. अंग सुकलेलं असेल तर सलाईन हवंच, पण डोकं उतरवतं ते त्यातून सावकाश दिलेलं मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझीन. ट्रामाडॉलचं इंजेक्शन देत असतील तर उलट्यांचा त्रास आहे हे आधी सांगा, ते स्वतःच मळमळ वाढवतं.

गरोदरपणाची शक्यता असेल तर आधीच सांगा. तेव्हा पॅरासिटामॉल आणि गरजेपुरतं मेटोक्लोप्रामाइड यांवर बहुतेकींचं भागतं. नेप्रोक्सेनसारखी औषधं मनाने घ्यायची नाहीत, विशेषतः शेवटच्या महिन्यांत. आणि तुमची गोळी घरातल्या मुलांना देऊ नका. मुलांमध्ये मात्रा वजनावर ठरते आणि मान वाकडी होण्याचा धोका जास्त.

शेवटी, प्रत्येक डोकेदुखी-उलटी अर्धशिशी नसते, तुम्हाला अर्धशिशी नेहमीची असली तरीही. पावसाळ्यात तापाबरोबर डोकं दुखून उलट्या होत असतील तर डेंग्यू वगळेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, नेप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक हातात घेऊ नका, फक्त पॅरासिटामॉल. क्षणात वीज पडावी तसं आयुष्यातलं सर्वांत तीव्र दुखणं, ताठ मान, बोलण्यात अडखळणं, हातापायातली शक्ती जाणं, डोक्याला मार लागल्यानंतरच्या उलट्या, रोज पहाटे डोकेदुखीने जाग येऊन उलटी, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं असं दुखणं, यांत गोळी घेऊन वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि एक डोळा लाल, दिव्याभोवती रंगीत कडी, नजर धूसर आणि उलट्या, हा अचानक चढलेला काचबिंदू असू शकतो. उलटीमुळे तो पोटाच्या किंवा अर्धशिशीच्या नावावर खपतो आणि काही तासांत नजर जाऊ शकते. सासूबाईंना कधी असं झालं, तर पित्त म्हणून थांबू नका, रात्र असली तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.